वारा सरण्याची वाट न पाहता

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की खाटेजवळ रोज सकाळी एकच प्रश्न: वारा सरला का? तो सरेपर्यंत तोंडाने पाण्याचा घोट नाही, नाकातली नळी निघणार नाही, सलाईन चालूच आणि माणूस आडवा. आतड्याचा शिवलेला सांधा उसवू नये या धास्तीने हा रिवाज कित्येक दशकं पाळला गेला.

कोपनहेगनलगतच्या ह्विडोव्हर रुग्णालयातले सर्जन हेन्रिक केलेट यांना मात्र वेगळा प्रश्न छळत होता. ऑपरेशन नीट झालं, मग हा माणूस आजही इथे का? उत्तरं साधी होती. दुखतंय, मळमळतंय, आतडं हलत नाही, अंगात त्राण नाही. यातलं बरंचसं दुखणं उपचारांनीच वाढवलेलं होतं. मॉर्फिनने वेदना शमतात, पण आतडंही मंदावतं. उपासाने आणि पडून राहण्याने स्नायू झिजतात.

केलेट यांच्या चमूने पाठीच्या कण्यालगत बारीक नळी ठेवून वेदना शमवल्या, नाकातली नळी टाळली, लगेच खायला दिलं आणि पेशंटला खाटेवरून उतरवलं. 2000 साली त्यांनी 60 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. वयाचा मध्यांक 74 वर्षं, आणि निम्म्याहून अधिक जण दोन दिवसांत घरी! काहींना पुन्हा दाखल करावं लागलं, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणूनच घरी गेल्यावर ताप, वाढती पोटदुखी किंवा उलट्या सुरू झाल्या तर तडक कळवायचं, हा या पद्धतीचा अविभाज्य भाग आहे.

आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद, असा समज घट्ट आहे. 2002 साली नॉटिंगहॅममध्ये दिलीप लोबो आणि सहकाऱ्यांनी 20 रुग्णांवर केलेला छोटा प्रयोग म्हणूनच डोळे उघडणारा. दहा जणांना नेहमीसारखं भरपूर सलाईन, दहा जणांना मोजकं पाणी आणि मोजकं मीठ. पहिल्या गटाचं वजन सुमारे तीन किलोंनी वाढलं. ते सारं पाणीच! त्यांचं जठर सावकाश रिकामं झालं, वारा एक दिवस उशिरा सरला, घरी जायला तीन दिवस जास्त लागले. पाण्याने फुगलेलं आतडं काम करत नाही, इतकं ते सरळ आहे.

स्टॉकहोमच्या ओल्ले ल्युंगक्विस्ट यांनी आदल्या रात्रीपासूनच्या कडक उपासालाच हात घातला. बहुतेक रुग्णांना भुलीच्या दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखी नितळ पेयं चालतात. साखरयुक्त पेय दिलं तर घाव सोसताना शरीराची इन्सुलिनला मिळणारी साथ टिकून राहते. मधुमेहींचं गणित अर्थातच निराळं. तिथे भूलतज्ज्ञ ठरवतील तेच.

आता तयारी आणखी मागे सरकली आहे. नेदरलँड्सच्या पुढाकाराने काही देशांत झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 251 रुग्ण होते. ऑपरेशनआधी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मनाला आधार, तंबाखू बंद. गंभीर गुंतागुंत या गटात सुमारे 17 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत जवळपास 30 टक्के.

घरी परतल्यावरही पाय थांबवून चालत नाही. कॅनडाच्या नेतृत्वाखालील 889 जणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. केमोथेरपीनंतर तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे 90 टक्के हयात होते. फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी 83 टक्के. त्या व्यायामासाठी यंत्रं लागलीच असं नाही. अनेकांनी आठवड्यातून तीन-चारदा पाऊणएक तास झपाझप चालणंच पसंत केलं.