धरणाखालचे पाणी आणि माशीचा गळ

तंजावरचे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या मनासमोर उभे राहतात ते व्यंकोजीराजे आणि सरफोजीराजे, सरस्वती महालातील पोथ्या आणि बृहदीश्वराच्या मंदिरात दगडावर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत टिकलेल्या या राज्याचे सारे वैभव ज्या पाण्यावर पोसले गेले, त्या कावेरीची आठवण त्या मानाने कमीच निघते. आणि त्या पाण्यात राहणाऱ्या माशांची तर मुळीच निघत नाही. आज या माशांविषयीच थोडे सांगावयाचे आहे. त्यासाठी सुरुवात मात्र तंजावरला अगदी परक्या वाटणाऱ्या एका छंदापासून करावयाची आहे. तो छंद म्हणजे धरणांच्या खाली वाहणाऱ्या नद्यांत, कृत्रिम माशीच्या गळाने, ट्राउट मासा धरण्याचा.

गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावून काठावर स्वस्थ बसणे आपल्या ओळखीचे आहे. माशीच्या गळाची रीत त्याहून निराळी. येथे आमिष खाण्याचे नसतेच. पक्ष्याचे पीस, प्राण्याची लव आणि रेशमाचा धागा बारीक गळावर गुंडाळून पाण्यावरील किड्याची हुबेहूब नक्कल केलेली असते. ती इतकी हलकी असते की, हाताने भिरकावली तर चार हातही जाणार नाही. म्हणून वजन दिलेले असते ते दोरीला. लवचिक काठी मागे आणि पुढे फिरवून ही वजनदार दोरी हवेत लांबविली जाते आणि तिच्या टोकाशी बांधलेल्या जवळजवळ अदृश्य तंतूसह माशी अलगद पाण्यावर उतरते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर राहतो आणि वाहत येणारे अन्न टिपतो. त्याच्या डोक्यावरून ती माशी खऱ्या किड्याच्याच गतीने वाहत गेली पाहिजे. दोरीने तिला किंचित ओढले तरी मासा सावध होतो. तेव्हा मासा काय खातो, कोणता किडा कोणत्या वेळी पाण्यातून वर येतो, प्रवाह कोठे मंदावतो, हे सारे ज्याला वाचता येते त्यालाच या खेळात यश मिळते.

आता हा खेळ आणि धरण यांचा संबंध काय, ते पाहू. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. दहा ते सोळा अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी त्याला मानवते. ते चोवीस-पंचवीस अंशांवर गेले की त्याच्या जिवावर बेतते. याचे एक कारण असे की, पाणी जसे तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. दहा अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. उलट पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणजे आवक घटते आणि खर्च चढतो, अशी ही अवस्था होय.

पाण्याचा आणखी एक धर्म येथे लक्षात घेतला पाहिजे. चार अंशांवर पाणी सर्वांत जड असते. समशीतोष्ण प्रदेशात हिवाळ्यात गारठलेले पाणी खोल जलाशयाच्या तळाशी जाऊन बसते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, परंतु तापलेले पाणी हलके असल्याने वरच तरंगत राहते आणि तळचा गारवा तसाच टिकतो. धरणाची पाणी सोडण्याची द्वारे तळाजवळ असली, तर भर उन्हाळ्यातही खालच्या नदीत हे थंड पाणी येते. गाळ जलाशयात बसलेला असल्यामुळे ते नितळही असते. अशा पाण्यात लहान किड्यांची पैदास विपुल होते आणि जेथे पूर्वी ट्राउट एक दिवसही जगला नसता, तेथे तो बारा महिने सुखाने राहतो.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्य याचे ठळक उदाहरण आहे. तेथील उन्हाळा कडक आणि मूळच्या नद्या कोमट. १९४४ मध्ये नॉरफोर्क धरण पुरे झाले आणि त्याच्या खाली ट्राउट सोडण्यात आले. पुढे १९६३ मध्ये ग्रीअर्स फेरी धरणाचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते झाले. त्याच धरणाखालच्या लिट्ल रेड नदीत १९९२ मध्ये ४० पौंड ४ औंसांचा तपकिरी ट्राउट सापडला आणि तो त्या काळी जागतिक विक्रम ठरला. परंतु या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या नद्यांतील मूळचे कोमट पाण्याचे मासे या गारठ्यात तग धरू शकले नाहीत. नॉरफोर्क येथे १९५७ मध्ये सरकारने ट्राउटचे पैदास केंद्र सुरू केले, ते गेलेल्या माशांची भरपाई म्हणून. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाखालीही हेच घडले. १९६३ नंतर तेथे ट्राउट फोफावला आणि पाठीवर वशिंड असलेला एक जुना देशी मासा मात्र संकटात सापडला.

धरणाखालच्या मासेमारीत माणसालाही एक धोका असतो, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. विजेची मागणी वाढली की यंत्रे सुरू होतात, द्वारे उघडतात आणि गुडघाभर पाण्याची नदी काही मिनिटांत छातीपर्यंत चढते. हिमाचल प्रदेशातील लारजी हे ट्राउटच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेले स्थान. तेथील धरणातून ८ जून २०१४ रोजी अचानक सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले चोवीस विद्यार्थी वाहून गेले. ते मासे धरण्यास गेलेले नव्हते, सहलीस आलेले होते. धरणाखालच्या नदीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने प्रथम पाणी सोडण्याची वेळ विचारावी आणि मगच खडकावर उतरावे.

आता दक्षिणेकडे वळू. कावेरीच्या खोऱ्यात ट्राउट नाही असे नाही. तो नीलगिरीच्या माथ्यावर आहे. तेथे त्याला आणण्याचा पहिला प्रयत्न फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात केला. अंडी आणि पिले विलायतेहून आणावयाची आणि वाटेतील उष्ण समुद्र ओलांडेपर्यंत ती गार ठेवावयाची, हे त्या काळी महाकठीण काम होते. ते साधले नाही. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रास सरकारचे मत्स्यतज्ज्ञ एच. सी. विल्सन यांनी इंद्रधनुषी ट्राउट नीलगिरीत रुजविला. १९०७ मध्ये अव्हलांच येथे पैदास केंद्र उभे राहिले. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास उंची असलेल्या त्या ओढ्यांत पाणी जात्याच थंड असते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या साहाय्याने कुंदा जलविद्युत योजनेचे काम सुरू झाले आणि तिच्यातून अव्हलांच, एमरल्ड यांसारखे जलाशय तयार झाले. त्यांतही ट्राउट राहू लागला.

नीलगिरीचे हे पाणी पुढे भवानी नदीत उतरते, १९५५ मध्ये पुऱ्या झालेल्या भवानीसागरात थांबते, भवानी गावापाशी कावेरीला मिळते आणि अखेर तंजावरच्या भातखाचरांत पसरते. पाणी उतरते, परंतु मासा उतरत नाही. डोंगर सुटला की उष्णता वाढते आणि ट्राउटची सीमा तेथेच संपते.

मग मेट्टूरचे काय? कावेरीवरील हे धरण १९२५ ते १९३४ या काळात बांधले गेले. २१४ फूट उंचीचे हे प्रचंड बांधकाम आहे आणि त्याची साठवण ९३ अब्ज घनफुटांहून अधिक आहे. आर्कान्सात जे साधले ते येथे का साधू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. याचे उत्तर हिवाळ्यात आहे. जलाशयाच्या तळचे पाणी वर्षातील सर्वांत थंड ऋतूत वरच्या थराला जेवढा गारवा मिळतो त्याहून अधिक थंड होऊ शकत नाही. आर्कान्साच्या हिवाळ्यात बर्फ पडते. मेट्टूरला पौष महिन्यातही पाणी विशीच्या खाली सहसा जात नाही. तेव्हा तळाचे द्वार उघडले तरी ट्राउटला हवे ते पाणी तेथे असतच नाही. तंजावरच्या पट्ट्यात तो नाही याचे कारण इतके सरळ आहे.

परंतु पाणी थंड झाले नाही म्हणून धरणाने नदी बदलली नाही, असे मात्र नव्हे. कावेरीत दुसराच मासा होता, आणि त्याची कथा ट्राउटच्या नेमकी उलट आहे. हा मासा म्हणजे हिलसा. आपल्याकडे त्याला पाला म्हणतात, तमिळ भाषेत उल्लम. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात शिरतो. पावसाळ्याचा पूर समुद्राला मिळाला की त्या पुराच्या खुणेवर त्याचे थवे नदीमुखातून वर चढतात. कावेरीचा मोठा पूर कोळ्ळिडम या शाखेतून समुद्राकडे जातो, आणि हिलसाचाही तोच राजमार्ग होता.

तंजावर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेले कल्लणै आहे. अणैकट्टु या तमिळ शब्दावरूनच इंग्रजीतील अ‍ॅनिकट हा शब्द निघाला. येथे कावेरीचे पाणी शाखांत वाटले जाते. ही व्यवस्था शतकानुशतके चालली. १८३६ मध्ये आर्थर कॉटन यांच्या योजनेनुसार कोळ्ळिडमवर खालचा बंधारा झाला आणि वर चढणाऱ्या माशाच्या वाटेत भिंत आली. शेतीला त्याचा मोठा लाभ झाला, हे निर्विवाद आहे. परंतु १८७३ मध्ये हिंदुस्थानच्या गोड्या पाण्यातील माशांवरील आपल्या अहवालात डे यांनी अशा बंधाऱ्यांमुळे माशांच्या वाटा कशा अडतात, याकडे सरकारचे लक्ष वेधले. नीलगिरीत ट्राउट आणू पाहणारे ते हेच डे.

विल्सन यांचेही तसेच. ज्या वर्षांत ते डोंगरावर ट्राउटची जोपासना करीत होते, त्याच सुमारास, १९०९ मध्ये, ते कोळ्ळिडमच्या काठी हिलसाची अंडी कृत्रिम रीतीने उबविण्याचा प्रयोग करीत होते. एकच अधिकारी, एकच खोरे आणि दोन मासे. परदेशी मासा डोंगरावर रुजला, देशी मासा मात्र खालच्या नदीत सावरला नाही. १९३४ नंतर मेट्टूरने आषाढ-श्रावणातील पूर पोटात घेतला. समुद्राकडे जाणारे पाणी घटले, हिलसाला बोलावणारी खूणच क्षीण झाली आणि कावेरीतील हिलसाच्या मासेमारीला उतरती कळा लागली. बंगालमध्ये फराक्काचा बंधारा १९७५ मध्ये सुरू झाल्यावर गंगेच्या वरच्या पात्रातील हिलसाची जी दशा झाली, तिची लहान आवृत्ती दक्षिणेत अनेक दशके आधी घडून गेली होती.

माशीच्या गळाची हौस असणाऱ्यास या खोऱ्यात काहीच नाही काय? तसे नाही. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी महसीरचे आणि कर्नाटकी कार्प या माशाचे प्रेमाने वर्णन केले आहे. विलायतेतील ट्राउटच्या आठवणीने झुरण्यापेक्षा येथल्या नद्यांतील मासे ओळखा, असा त्यांच्या लेखनाचा रोख आहे. कावेरीच्या खोऱ्यातील महसीर तर जगातील थोर मत्स्यांपैकी एक होय. १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर गळाला लागल्याची नोंद आहे. याच खोऱ्यातील वशिंडाच्या महसीरला शास्त्रीय नाव निश्चितपणे मिळाले ते २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याची गणना नाहीशा होण्याच्या अगदी काठावरील जातींत झाली. नाव मिळणे आणि नामशेष होण्याची भीती या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी त्याच्या वाट्याला आल्या.

धरणे पाडावीत, असा याचा अर्थ कोणी करू नये. पाणीसाठा पुरेसा असतो त्या वर्षी १२ जूनला मेट्टूरची द्वारे उघडतात, तीन-चार दिवसांनी कल्लणैचे पाणी कालव्यांत सुटते आणि त्यावर कुरुवैचे भातपीक उभे राहते. लक्षावधी घरांचे अन्न या वेळापत्रकाला बांधलेले आहे. परंतु वेळापत्रक जसे पिकासाठी आखता येते, तसे त्यात माशांसाठीही थोडी जागा ठेवता येते. माशांच्या विणीच्या दिवसांत काही पाणी समुद्रापर्यंत जाऊ देणे, बंधाऱ्याला माशांसाठी चढवाट ठेवणे, पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडणे, हे उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ वळवण येथे वीज कंपनीच्याच जलाशयाच्या काठी महसीरची कृत्रिम पैदास यशस्वी झाली आणि तेथील पिले दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली. महाडकडील वाळणकोंडात तर देवीच्या श्रद्धेने गावकऱ्यांनीच महसीर राखला आहे.

माशीच्या गळाने मासेमारी करणाऱ्यांनी जगाला एक उपयुक्त सवय दिली. नदीत उतरण्यापूर्वी ते पाण्याची उष्णता मोजतात, दगड उलटून किडे पाहतात आणि धरणातून पाणी केव्हा व किती सुटले याची नोंद ठेवतात. कित्येकजण पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात. कल्लणैच्या खाली पाग टाकणारा कोळी हेच ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या, वह्यांवाचून, सांभाळीत आला आहे. पाणी सोडण्याचा निर्णय ज्या कचेऱ्यांत होतो, तेथे पिकाच्या आणि विजेच्या आकड्यांबरोबर या दोघांच्या नोंदीही पोहोचल्या, तर डे यांनी १८७३ मध्ये मांडलेल्या प्रश्नाला निदान तंजावरच्या नदीपुरते उत्तर देण्याचा मार्ग खुला होईल.