घर पाहावे... चालून!

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. लग्नाचा विषय या अंकात नकोच! पण म्हणीच्या पहिल्या भागात मला एक दुरुस्ती सुचवायची आहे. घर बांधायच्या किंवा भाड्याने घ्यायच्या आधी ते चालून पाहावे.

मित्रांनो, प्लेसमेंटचा सीझन आला की मेसमध्ये दोनच प्रश्न ऐकू येतात. "पॅकेज किती बे?" आणि "लोकेशन कुठलं?" उत्तर येतं, "पुणे." विषय संपला! पण पुणे म्हणजे नक्की कुठे? राहणार कुठे? आज आपण चौघं मिळून एक फ्लॅट घेऊ आणि कसंही राहू. पण पाच-सात वर्षांनी घरात एक लहान मूल असेल, गावाकडून आई-वडील येतील, आणि तेव्हा हा प्रश्न पॅकेजपेक्षा मोठा होईल. आपल्या कॉलेजात बदलून आलेल्या सर-मॅडमना हे वेगळं सांगायला नको.

मला हा प्रश्न फार लहानपणीच कळला. माझे बाबा बँकेत आहेत. मी दुसरीत असताना त्यांची बदली उदगीरहून सोलापूरला झाली. बाबांनी शहराबाहेरच्या एका नव्या नगरात घर घेतलं. मोठ्या तीन खोल्या, पुढे अंगण, भाडं कमी. सगळे खूश! माझी कॉन्व्हेंट शाळा मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. मग रिक्षा लावली. एका रिक्षात आम्ही नऊ मुलं, दप्तरं बाहेर लटकलेली. सकाळी सव्वासहाला निघायचं आणि परत येईपर्यंत दोन वाजायचे. पण खरा त्रास मला झाला नाही, आजीला झाला. उदगीरला आजी रोज पायी देवळात जायची, येताना भाजी आणायची, वाटेत चार घरी टेकायची. इथे घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत नुसता मुरूम, दिवे नाहीत, कुत्री मात्र भरपूर. बाबांकडे स्कूटर होती, आईला शेजारच्या काकू कधी कधी नेत असत. आजी फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागली. सहा महिन्यांत तिने बाहेर पडणं पूर्ण सोडलं. आम्हाला वाटलं, वय झालं!

दोन वर्षांनी आम्ही सात रस्त्याजवळ दोन खोल्यांत राहायला आलो. अंगण गेलं, भाडं वाढलं. पण शाळा चालत दहा मिनिटांवर आली आणि आजी एकदम तरुण झाली. मला शाळेत सोडायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. त्या दहा मिनिटांत ती मला दुकानांच्या मराठी पाट्या वाचायला लावायची. मी तिला इंग्रजी पाट्या वाचून दाखवायची. वाटेत एक भाजीवाली तेलुगूत बोलायची, एक किराणावाले कन्नडमध्ये, आजी सगळ्यांशी मराठीतच. आज मी कॉन्व्हेंटची असून मराठी विभागात लिहिते आहे ते शाळेमुळे नव्हे, त्या रस्त्यामुळे. (शुद्धलेखनाच्या चुका मात्र माझ्या!)

तेव्हा मला वाटायचं की हे आमच्या घरापुरतंच आहे. सिव्हिलला आल्यावर कळलं की हे तर चक्क शास्त्र आहे. १९२९ मध्ये क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजनकाराने 'नेबरहूड युनिट' ही कल्पना मांडली. मधोमध प्राथमिक शाळा, तिच्याभोवती साधारण पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या आत घरं, आणि मोठे वाहतुकीचे रस्ते वस्तीच्या कडेने. हेतू साधा होता, शाळेत जाताना मुलाला मोठा रस्ता ओलांडायला लागू नये. आपल्याकडे चंदीगडचं सेक्टर याच विचारावर आखलं गेलं, सुमारे ८०० मीटर बाय १२०० मीटरचं.

पण त्यासाठी चंदीगडलाच कशाला जायला पाहिजे? सोलापुरात जुनी मिल १८७७ च्या सुमारास सुरू झाली. त्यानंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या आल्या. कामासाठी तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं इथे येऊन राहिली. म्हणजे 'जॉबसाठी रिलोकेट होणं' आपल्या शहराला नवीन नाही! साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ या भागात चालत गेलात तर आजही दिसेल, घराच्या एका भागात माग, दुसऱ्या भागात संसार, कोपऱ्यावर किराणा, गल्लीच्या तोंडाशी देऊळ. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर घर. शिवाय या समाजाने पद्मशाली शिक्षण संस्था काढली आणि कुचन प्रशालेसारखी शाळा आपल्याच वस्तीत उभी केली. त्या गल्ल्या अरुंद आहेत, गटारं, धूळ, मागांचा आवाज, सगळं आहे. तिथलं आयुष्य सोपं होतं असं मी म्हणत नाही. पण शाळा, काम आणि बाजार पायाच्या अंतरावर हवेत, हे त्यांना पेरीने शिकवलं नव्हतं. गिरण्या बंद पडल्या, पेठा मात्र अजून चालत्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. या हिवाळ्यात माझ्या मावशीच्या मुलीचा फोन आला. भावोजींना हिंजवडीत नोकरी लागली होती. बरोबर येणार होत्या साडेपाच वर्षांची मनू आणि ताईच्या सासूबाई. ताई म्हणाली, "तू सिव्हिलची ना? चल घर बघायला." मी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. बरोबर एक मोजपट्टी आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच.

जाण्याआधी थोडं गणित. पादचारी सरासरी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सिग्नलच्या डिझाइनमध्ये धरतात. म्हणजे १८ मीटर रुंद रस्ता ओलांडायला १५ सेकंद. मनूला मी ताईचा हात धरून चालायला लावलं, तिचा वेग आला ०.९. तिला त्याच रस्त्याला २० सेकंद लागणार. ते जादा पाच सेकंद ती रस्त्याच्या मध्यभागी असणार! फूटपाथचंही माप आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, डोक्यावर २.२ मीटर मोकळी जागा आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. यात 'मोकळी' हा शब्द महत्त्वाचा. फूटपाथ दोन मीटरचा असला आणि मधे डीपी बॉक्स, झाड आणि मोटारसायकल असली तर तो फूटपाथ कागदावरच.

पहिलं घर ऑफिसजवळच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये होतं. अकराव्या मजल्यावर टू बीएचके, खाली बाग, स्विमिंग पूल. माहितीपत्रकावर लिहिलेलं, 'शाळा १.२ किमी'. भावोजी जागेवरच हो म्हणाले. मी म्हटलं, शाळेपर्यंत चालत जाऊ. १.२ च्या वेगाने हे अंतर १७ मिनिटांचं. आम्हाला लागली ३४! फूटपाथ नाहीच, पाण्याचे टँकर अंगावर येतात, एका ठिकाणी उघडा नाला. अर्ध्या वाटेनंतर मनू भावोजींच्या खांद्यावर होती. सासूबाई गेटवरूनच परत फिरल्या होत्या. भाजी कुठे मिळते विचारलं तर वॉचमन म्हणाला, "ॲपवरून मागवतात सगळे."

दुसरं घर कर्वेनगरला. हा भाग मला बघायचाच होता, कारण इथे शाळा आधी आली आणि वस्ती नंतर वाढली. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला आश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते हिंगण्याला चालत जायचे. आज त्या माळाचं कर्वेनगर झालंय. आम्ही पाहिलेल्या घरापासून शाळा ६०० मीटर. मनूला ११ मिनिटं लागली आणि एकच मोठा रस्ता आडवा आला. भाजी, औषधं, दवाखाना, देऊळ सगळं वाटेवर. सासूबाई एका बाकावर बसून लगेच कुणाशी तरी बोलायलाही लागल्या. पण दुसऱ्या दिवशी भावोजींनी कंपनीची बस धरून बघितली, तर जायला सव्वा तास आणि यायला त्याहून जास्त.

रात्री खरं भांडण झालं. भावोजी म्हणाले, "रोज अडीच-तीन तास माझे जाणार. मी येईन तेव्हा मनू झोपलेली असेल." ताई म्हणाली, "आणि तिकडे राहिलो तर आम्ही तिघी रोज तुमच्या गाडीची वाट बघत बसणार." मी गप्प. दोघांचंही बरोबर होतं. मला फक्त फाटकाशी खुर्ची टाकून बसलेली आजी आठवत होती. शेवटी मी ती गोष्ट सांगितली.

तिसऱ्या दिवशी आम्ही औंध बघितलं. हिंजवडी तिथून बरीच जवळ. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं, त्याच सुमारास स्मार्ट सिटीच्या कामात औंधच्या डीपी रोडवर रुंद फूटपाथ करायला घेतले. त्यावर कुठे गाड्या चढवलेल्या दिसतातच, पण मनू आणि सासूबाई शेजारी शेजारी चालू शकल्या. शाळा ८०० मीटर, १५ मिनिटं. भाडं मात्र ठरवलेल्यापेक्षा जास्त, आणि टू बीएचकेचं वन बीएचके झालं. सासूबाई म्हणाल्या, "मी हॉलमध्ये झोपेन. पण मला बाहेर पडता आलं पाहिजे." मग घर ठरलं.

म्हणजे फुकट काहीच मिळत नाही. वेळ, भाडं, खोल्या आणि पायी चालण्याची सोय, यातलं काहीतरी सोडावंच लागतं. आपण घर निवडतो ते ज्याच्या खिशात गाडीची किल्ली आहे त्याच्या सोयीने. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात ज्यांच्याकडे किल्ली नाही त्यांच्यापासून करा. कमावणाऱ्याला बस आहे, मोटारसायकल आहे. सहा वर्षांच्या मुलीला आणि सत्तर वर्षांच्या आजीला फक्त पाय आहेत.

आता काही कामाच्या सूचना.

आधी शाळा शोधा, मग तिच्याभोवती घर. आपण नेमकं उलटं करतो. महाराष्ट्राच्या आरटीई नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे अंतर धरलं आहे. त्या कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर घराचा पत्ता फारच महत्त्वाचा ठरतो.

'चांगली शाळा' म्हणजे फी जास्त असं नाही. मी कॉन्व्हेंटची आहे, तक्रार नाही, पण चांगली शाळा कुठल्याही माध्यमाची असू शकते. एका वर्गात मुलं किती ते विचारा, प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हे कायद्यातलं प्रमाण आहे. शिक्षक किती वर्षं टिकतात, ग्रंथालयातली पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत का, मुलींचं टॉयलेट स्वच्छ आहे का हे बघा. आणि शाळा सुटताना गेटवर उभे राहा. किती मुलं पायी घरी जातात ते मोजा. हा आकडा शाळेबद्दल आणि वस्तीबद्दल एकदमच सांगतो.

रविवारी दुपारी घर बघू नका. सकाळी शाळेच्या वेळी आणि रात्री आठ वाजता त्याच रस्त्याने जा. दिवे बघा. जमलं तर पावसाळ्यातही एकदा. आणि चालताना घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस बरोबर घ्या.

आजी आता नाही. बाबांची पुन्हा बदली झाली आणि मी हॉस्टेलवर आले. अजूनही सात रस्त्याकडे गेले की पाट्या वाचत जाते, निम्म्या बदलल्या आहेत. तर मित्रांनो, उद्या पुण्यात, बेंगलोरला, कुठेही घर बघायला जाल तेव्हा एजंट गाडीचं दार उघडून उभा राहील. त्याला सांगा, "गाडी इथेच राहू द्या, आपण चालत जाऊ." तो हसेल. हसू दे!

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह)