चिप आणखी किती लहान होईल?

अनसिंग येथील शिक्षण परिषदेत एका शिक्षकबंधूंनी आपल्या वर्गातील एका मुलाचा प्रश्न मांडला : "गुरुजी, चिप सारखी लहान होत चालली आहे, तर शेवटी ती नाहीशीच होईल काय?" सभेत हशा पिकला, परंतु उत्तर कोणासही देता आले नाही, प्रस्तुत लेखकासही नाही. म्हणून हे विवेचन.

आपल्या जुन्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याच संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' २०२० साली जगातील महासंगणकांच्या यादीत ६३ वा ठरला. त्याचे बळ ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये आहे. हा प्रोसेसर मूलतः चित्रे रेखाटण्यासाठी निर्माण झाला. एका हुशार विद्यार्थ्याने शंभर गणिते ओळीने सोडविण्याऐवजी शंभर विद्यार्थ्यांनी एकेक गणित एकाच वेळी सोडवावे, तशी त्याची रीत आहे. 'परम सिद्धी'तील अशा एका चिपवर सुमारे ५,४०० कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म खटके, आहेत. तिचा आराखडा अमेरिकेतील एनव्हिडियाचा, घडण तैवानमधील टीएसएमसीची.

साच्यातून प्रकाश पाडून सिलिकॉनच्या चकतीवर ही नक्षी उमटवितात. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितकी रेघ बारीक. अलीकडील यंत्रांत ती अवघी १३.५ नॅनोमीटर असते; अशी यंत्रे नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी विकते. 'सात नॅनोमीटर', 'तीन नॅनोमीटर' ही मात्र आता पद्धतींची नावे होत. ती प्रत्यक्ष मापे नव्हेत.

मर्यादा दोन्ही बाजूंनी आहेत. सिलिकॉनच्या शेजारच्या दोन अणूंतील अंतरच सुमारे पाव नॅनोमीटर असते. अणूपेक्षा लहान खटका कोठून करावा? चिप मोठी करावी, तर यंत्र एका वेळी २६ × ३३ मिलिमीटर क्षेत्रावरच नक्षी उमटविते. शिवाय चिप जितकी मोठी, तितकी धुळीच्या एखाद्या कणाने ती बाद होण्याची भीती अधिक.

यातून मार्ग निघाला तो जोडणीचा. २०२४ साली जाहीर झालेल्या 'ब्लॅकवेल' प्रोसेसरमध्ये दोन मोठे तुकडे जोडून २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर बसविले आहेत. पुढील प्रगती निव्वळ लहान होण्यात नसून तुकडे शेजारी जोडण्यात व एकावर एक रचण्यात अधिक असेल, असे अनुमान करता येते.

वर्गात २० सेंटिमीटरची कागदी पट्टी घेऊन मुलांना ती निम्मी, पुन्हा निम्मी कापावयास सांगावे. दहाव्या वेळी तुकडा ०.२ मिलिमीटरचा व्हावयास हवा. त्यापूर्वीच कात्री थांबेल. मर्यादा म्हणजे काय, हे मुलांना तेथेच उमगेल. ब्लॅकवेलचे आकडे ही माहिती आहे, पुढील वाट हे अनुमान आहे. हा भेदही शिक्षकांनी स्पष्ट सांगावा. त्या मुलास उत्तर द्यावे : चिप नाहीशी होणार नाही, ती अणूपाशी थांबेल, माणसाची युक्ती मात्र थांबणार नाही.