आपत्तीच्या दिवसांत शाळेचे भोजन

मृग नक्षत्र निघण्यापूर्वी शेतकरी घर शाकारून घेतो, बांध तपासतो, बियाण्याची पोती माळ्यावर चढवितो. गावच्या शाळेत मुलांच्या भोजनाचे तांदूळ ज्या खोलीत ठेवलेले असतात, तिचे छप्पर गळते की काय हे पाहण्यास बहुधा कोणी जात नाही. वास्तविक त्या खोलीतील धान्य हेही गावाचेच धान्य होय. आणि ज्या घरी सकाळची चूल पेटत नाही, त्या घरच्या मुलाचे दिवसाचे पहिले अन्न तेच असते.

या प्रश्नाचा विचार मुंबईच्या एका उपनगरापासून आरंभ करावा हे ग्रामीण वाचकांस चमत्कारिक वाटेल. तथापि जी अडचण खेड्यात झाकलेली राहते ती तेथे उघडी दिसते. कांजूरमार्ग हे मध्य रेल्वेवर विक्रोळी व भांडुप यांच्या दरम्यान आहे. पूर्वेस मिठागरे आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. पश्चिमेस पवईकडील डोंगराळ भाग. डोंगरावरचे पाणी खाली धावते आणि भरतीच्या वेळी खाडी ते लवकर घेत नाही. मुंबईत पालिकेच्या शाळांचे भोजन बहुतांशी अन्यत्र शिजते व वाहनाने शाळेत पोचविले जाते. रस्ता पाण्याखाली गेला म्हणजे शिजलेले अन्न एकीकडे व भुकेलेली मुले दुसरीकडे, अशी स्थिती होते.

दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. लोकलगाड्या थांबल्या, रस्ते बुडाले आणि शहरातील अनेक विद्यार्थ्यांना ती रात्र शाळेतच काढावी लागली. अशा रात्री बाहेरून येणाऱ्या भोजनाचा उपयोग नाही. शाळेच्या कपाटात बंद डब्यांतून फुटाणे, शेंगदाणे, गूळ व चुरमुरे असतील तरच मुलांच्या पोटात काही जाते. ओढ्यापलीकडच्या वाड्यांतून जेथे मुले येतात, अशा प्रत्येक गावच्या शाळेस हीच गोष्ट लागू आहे.

पुढे जुलै २०२१ मध्ये कांजूरमार्गशेजारील भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातच पावसाचे पाणी शिरले. शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा खंडित झाला आणि पाणी उकळून पिण्याची सूचना नागरिकांना द्यावी लागली. चोहोकडे पाणी आणि भांड्यात घालावयास पाणी नाही, हा अनुभव कृष्णाकाठच्या शेतकऱ्यास नवा नाही.

आता कायद्याकडे वळू. दि. ३० सप्टेंबर २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार धान्य, इंधन, शिजवण्याचा खर्च किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे, अथवा अन्य कारणाने, शाळेच्या दिवशी भोजन मिळाले नाही तर मुलास अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. त्याच्या वाट्याचे धान्य व शिजवण्याचा खर्च, असे त्याचे स्वरूप असून तो पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पोचला पाहिजे. केंद्रीय स्वयंपाकगृहाकडून पुरवठा होत असेल तर तो त्याच्याकडून वसूल व्हावयाचा आहे. सतत ३ दिवस, किंवा महिन्यात ५ दिवस भोजन चुकल्यास जबाबदारी निश्चित करण्याची तरतूदही आहे.

नियम चांगला आहे, परंतु त्यातील ‘शाळेचा दिवस’ हे शब्द बारकाईने वाचावेत. दि. ८ जुलै २०२४ रोजी पहाटे १ ते सकाळी ७ या वेळात मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला व शाळांना सुट्टी जाहीर झाली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ती योग्यच होती. मात्र सुट्टी जाहीर झाली म्हणजे भोजनही थांबते, आणि कोणीही नियम मोडलेला नसतो! मूल तेवढे उपाशी राहते. याच दिवशी बापाची मजुरीही बुडालेली असते.

सुट्टीतही भोजन चालू ठेवता येते, हे यापूर्वी दिसून आले आहे. सन १९७२ च्या दुष्काळात वाटलेली सुकडी वृद्ध मंडळींना आजही आठवते. दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही भोजन द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये सांगितले व मे २०१६ मध्ये पुन्हा बजावले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा महाराष्ट्रात मुलांचे तांदूळ व कडधान्य पालकांच्या हाती देण्यात आले. दुष्काळ सावकाश येतो, म्हणून आदेश काढण्यास अवधी मिळतो. पूर एका रात्रीत येतो. त्याच्यासाठी आदेशाची वाट पाहता येत नाही, साठा अगोदरच जागेवर लागतो.

तो किती लागतो? पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, असे प्रमाण आहे. १०० मुलांच्या शाळेस दिवसाला १० किलो तांदूळ, म्हणजे २४ दिवसांस २४० किलो. ५० किलोची पाच पोती. एवढा महिन्याचा राखीव साठा ठेवणे अवघड नाही, परंतु तो कोठे ठेवावा याचा विचार हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत पुराचे पाणी गावागावांत शिरले. जुन्या पुराची खूण ज्या भिंतीवर दिसते त्या खोलीत जमिनीवर पोती रचणे म्हणजे ती नदीच्या स्वाधीन करणे होय. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून थप्पी लावावी. शाळा सखल जागी असेल तर जूनपूर्वी हा साठा गावातील उंचावरच्या पक्क्या घरी, पावती घेऊन हलवावा. गॅसची टाकी दोरीने बांधून ठेवावी.

भिजून बुरशी आलेला तांदूळ धुऊन वा वाळवून मुलांस घालू नये. पंचनामा करून तो बाजूला काढावा. शेतीची औषधे व त्यांचे रिकामे डबे शाळेच्या कोठीत क्षणभरही ठेवू नयेत. पुराच्या घाईत सर्व सामान एकाच उंच खोलीत लोटले जाते, त्या वेळी हे विशेष सांभाळावे. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या तेलातील अन्न खाऊन २३ मुले दगावली. ती आपत्ती नैसर्गिक नव्हती, पण डबा चुकण्यास पूर लागत नाही. स्वयंपाकाच्या टाकीत हजार लिटर पाण्यास ५ ग्रॅम टीसीएल पावडर मिसळून अर्धा तास थांबावे आणि पाणी गढूळ असल्यास ते प्रथम निवळू द्यावे.

पुरानंतर भाजी मिळेनाशी होते. लाल भोपळा व सुरण महिनोन् महिने टिकतात. परसबागेत किंवा बांधावर त्यांची लागवड असेल तर शाळेस दोन-चार भोपळे देणे कोणासही जड जाणार नाही.

शाळेत पूरग्रस्तांची छावणी उघडली गेल्यास मुलांचे धान्य छावणीच्या चुलीवर जाण्याचा संभव असतो. माणुसकी म्हणून ते द्यावे लागले तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्याच दिवशी स्वतंत्र नोंद करून ते भरून मागावे. आणि एक लहानशी गोष्ट राहते: स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे घर ओढ्याच्या पलीकडे असेल, तर अलीकडच्या दोघींची नावे शाळा व्यवस्थापन समितीने मे महिन्यातच लिहून ठेवावीत व कोठीची दुसरी किल्ली त्यांपैकी एकीकडे द्यावी.