हृदयाचा ठोका आणि मनाचा अर्थ

तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या सालवड गावाहून एखादा गृहस्थ बोईसर स्थानकाकडे लगबगीने निघतो आणि सुटत असलेली गाडी धावत जाऊन गाठतो. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. तथापि घटकाभरात तो हे सारे विसरून जातो. तीच धडधड मध्यरात्री अंथरुणावर जाणवली, तर मात्र त्याचे मन भयाने व्यापून जाते. ठोका तोच, त्याचा लावलेला अर्थ तेवढा निराळा.

भावना शरीरात उगम पावते की मनात, हा वाद जुना आहे. मनुष्य भितो म्हणून थरथरतो असे नसून, थरथरतो म्हणून त्यास भय वाटते, असे मत विल्यम जेम्स यांनी १८८४ साली मांडले. आजचे शास्त्र ते मत जसेच्या तसे स्वीकारीत नाही. शरीराची खूण आणि प्रसंगाचे ज्ञान या दोहोंच्या मिलाफातून भावना सिद्ध होते, असे आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मराठी भाषेस हे नाते पूर्वीच उमगले असावे. एरवी भीतीने पोटात गोळा आला नसता, आणि दुःखाने आतडे तुटले नसते.

हृदय, फुफ्फुसे व आतडी यांची वार्ता मेंदूस पोहोचविणाऱ्या मार्गांत व्हेगस ही मज्जा प्रमुख होय. तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू आज्ञा खाली नेत नाहीत, तर वार्ता वर आणतात. मेंदूच्या घडीत दडलेला इन्सुला नामक भाग त्या वार्तांची जुळणी करतो. क्षणोक्षणी येणाऱ्या या वार्तांतूनच ‘हा देह माझा, आणि कालचा तोच मी आज आहे’ या जाणिवेस आधार मिळत असावा, असे कित्येक संशोधकांचे अनुमान आहे.

परंतु ही जाणीव अचूक असतेच असे नाही. नाडीस हात न लावता स्वतःचे ठोके मोजावयास सांगितले, तर पुष्कळांची गणना चुकते. महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांना क्ष-किरण व दाबमापक यांच्या कसोटीवर घासण्याचा पायंडा पाडला. पुढे हृदय थांबविण्याची शक्ती सांगणाऱ्या योग्यांची परीक्षा वेंगर, बागची व आनंद यांनी घेऊन १९६१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मनगटाची नाडी लुप्त झाली, तरी विद्युत्-आलेखावर हृदयाचे कार्य अखंड चालूच होते! श्वास कोंडून छातीचे स्नायू आवळल्याने रक्ताचा ओघ तेवढा मंदावला होता.

यातील बोध घरोघरी उपयोगी पडण्याजोगा आहे. सायंकाळी मुलांवर विनाकारण उसळणारा राग कित्येकदा केवळ भूक किंवा अपुरी झोप असते. प्रथम पोटाची विचारपूस करावी, मग मुलांची. याउलट, छातीत कळ येऊन ती हाताकडे वा जबड्याकडे सरकली, अंगास घाम फुटला आणि धाप लागली, तर ते मनाचे खेळ समजून स्वस्थ बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. देहाची हाक ऐकावी खरी, पण तिचा अर्थ लावताना विवेकाचा, आणि प्रसंगी वैद्याचा, आधार सोडू नये.