जुना शेपर घेताना रंग नव्हे, झीज पाहा

कापडाचे थान आम्ही उजेडात उलगडल्याशिवाय घेत नाही. पण परभणीत भाच्याच्या वर्कशॉपसाठी जुना शेपर पाहिला, तेव्हा ताज्या रंगाला भुललो. सोबतच्या उस्तादांनी अडवले, म्हणून पोराची पुंजी वाचली.

त्यांनी दाखविलेली पारख अशी. रॅम पूर्ण पुढे आणून टोक दांड्याने उचलावे. खाली-वर हलले तर ढिलाई आहे. पट्टी आवळून मधली ढिलाई गेली, पण टोकांना रॅम अडकू लागला, तर स्लाइडच झिजली समजावे. ती दुरुस्ती महाग पडते. टूलचा क्लॅपर परतताना सहज उचलला जावा, आडवा हलू नये. मोठ्या गिअरचे दात तपासावेत, बिडाच्या टेबलावर वेल्डिंगचे डाग शोधावेत. मोटार थ्री फेजची असल्यास घरी तसे कनेक्शन आहे का, तेही पाहावे.

शेपर पुढे जाताना कापतो, रिकामा परततो. म्हणून काम हळू. तरी मानवत-सेलूच्या जिनिंगमधील एखाद्या शाफ्टला चावीची खाच पाडायला हाताने धार लावलेले एक टूल पुरते, मिलिंगचे महाग कटर लागत नाहीत.

कारागीर बांधवांनी आधी यंत्र चालवून, एक तुकडा कापून पाहावा; मगच बयाणा द्यावा.