माशाचा डोळा, बोअरचं पाणी

वीस वर्षांपूर्वी लातूरच्या किंवा नांदेडच्या दुकानात जाऊन ‘माशाच्या डोळ्यावर पांढरं आलंय’ म्हटलं, की मासा न बघताच मिथिलिन ब्लूची बाटली पुढे यायची. सोबत मूठभर खडे मीठ टाकायचा सल्ला. दोन दिवसांत फरक पडला नाही, तर टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात सोडायची. मासा वाचला तर औषधाचा गुण, मेला तर त्याचं नशीब. दुकानदाराला तरी दोष कसा द्यावा? मासे बंगाल आणि तामिळनाडूतल्या पैदाशीतून पिशव्यांत भरून यायचे, पण त्यांच्या आजारांचं ज्ञान काही त्या पिशव्यांतून येत नव्हतं.

या दोन दशकांकडे वळून पाहिलं तर हेच जाणवतं, की आपण डोळ्यावर इलाज करत राहिलो आणि बिघाड बहुतेक वेळा पाण्यात होता.

माशाला पापणी नसते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा चोवीस तास पाण्याला भिडलेला असतो. माशाच्या अंगात क्षार जास्त, गोड्या पाण्यात कमी. त्यामुळे पडद्याला ओरखडा गेला किंवा अमोनियाने तो भाजला, की बाहेरचं पाणी आत शिरतं, पडदा फुगतो आणि दुधाळ होतो. गावाकडे ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात, ते हेच. मोतीबिंदू वेगळा. तो आतल्या भिंगाचा आजार. बॅटरीचा झोत तिरका धरला, की फरक कळतो: धुरकटपणा वरच्या पडद्यावर असेल तर फूल, पडदा स्वच्छ असून बाहुलीच्या आत पांढरी गोळी दिसली तर मोतीबिंदू. फूल पाणी सुधारल्यावर बरंचसं उतरतं. मोतीबिंदू निकृष्ट खाद्यामुळे होतो किंवा उघड्या तळ्यात वाढलेल्या माशाच्या भिंगात शिरलेल्या चपट्या कृमीमुळे. या कृमीला वाढायला गोगलगाय आणि मासेखाऊ पक्षी दोन्ही लागतात, त्यामुळे घरातल्या टाकीत तो पसरत नाही. पण एकदा पांढरं झालेलं भिंग कुठल्याही बाटलीने निवळत नाही. या एका तपासणीने कितीतरी निळं औषध वाचलं असतं. वर त्या औषधाने फिल्टरमधले, अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात ते वेगळंच.

हे जिवाणू आपल्याकडे भारनियमनाच्या काळातही मरत होते. 2005 नंतरची ती वर्षं मराठवाड्यात कोण विसरेल? वीज तासन् तास नसायची, हवेचा पंप बंद, स्पंजातले जिवाणू गुदमरलेले. वीज आली की पाणी स्वच्छ दिसायचं, पण अमोनिया वाढलेला असायचा. त्यात आपलं पाणी काळ्या पाषाणातून आलेलं, जड आणि अल्कधर्मी. पीएच सात असताना एकूण अमोनियातला विषारी भाग शंभरात एकाहूनही कमी असतो. पीएच आठ झाला आणि पाणी तीस अंशांवर गेलं, की तोच भाग सात-आठांवर पोचतो. नांदेडच्या मे महिन्यात टाकीचं पाणी तीस अंशांवर राहणं ही काही बातमी नव्हे. म्हणून मऊ पाण्याच्या मुंबईतल्या माणसाने सांगितलेलं ‘थोडा अमोनिया चालतो’ इथे चालत नाही.

मग 2016 चा दुष्काळ आला. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तिथे माशांचं पाणी बदला असं म्हणायची कुणाची हिंमत होणार? बदललंच तर आज टँकरचं, उद्या खोल बोअरचं. जमिनीखाली दाबात असलेल्या पाण्यात वायू जास्त विरघळलेले असतात. ते थेट टाकीत ओतलं, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात, आणि माशाच्या डोळ्यातही. डोळा बाहेर येतो, आत चकाकणारे फुगे दिसतात. त्यावर कॅप्सूल टाकून काय होणार? पाणी आधी दिवसभर बादलीत ठेवून हवा सोडली असती तर पुरलं असतं. आणि टेट्रासायक्लिनचं तर विचारूच नका. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या औषधाला बांधून टाकतं, माशापर्यंत फारच थोडं पोचतं. पाणी पिवळं करण्यापलीकडे त्याने आपल्याकडे फारसं काही केलं नाही, असं माझं मत.

डोळा बाहेर येण्याचा एक हिशेब मात्र पाठ असावा. एकच डोळा सुजला असेल तर बहुधा मार लागलेला असतो. माशाला वेगळ्या टाकीत ठेवावं, वीस लिटरला एक चमचा एप्सम सॉल्ट आधी विरघळवून हळूहळू घालावं, सूज ओसरायला मदत होते. दोन्ही डोळे सुजले तर बिघाड पाण्यात किंवा माशाच्या पोटात, मूत्रपिंडात, कधी क्षयासारख्या जुनाट संसर्गात. अशा टाकीत हाताला जखम असताना हात घालू नये. माशाच्या क्षयाचे जिवाणू माणसाच्या कातडीतही घर करतात.

अरोवानाचा खाली झुकलेला डोळा हा या दोन्हींत बसत नाही. नशीब उघडावं म्हणून महागाचा मासा घेणाऱ्यांनी त्यावर औषधांचे सगळे प्रयोग केले. औषधाने तो वर येत नाही.

या काळात चांगलं काय झालं? त्याआधी, 1981 सालीच रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यमहाविद्यालय निघालं होतं, पण लातूरकराला ते लांबच होतं. आता लातूर जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालयही. दोन्ही नागपूरच्या ‘माफसू’ची, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. डोळ्यातला कृमी किंवा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखायचा असतो, दुकानाच्या काउंटरवर नाही. आणि डोळा वाचला नाही, तरी एका डोळ्याचा, अगदी पूर्ण आंधळा झालेलाही मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्याची हालचाल टिपत जगतो. खाणं त्याच्या तोंडाजवळ टाका, एवढंच.

तेव्हा पुढच्या वेळी डोळा पांढरा दिसला तर आधी अमोनिया आणि पीएच तपासा, एक तृतीयांश पाणी बदला. तीन-चार दिवसांत फरक नाही पडला तर मासा जिवंत असतानाच, मोठ्या पिशवीत थोडं पाणी आणि भरपूर हवा भरून, उदगीरला चौकशी करून घेऊन जा. मेलेला मासा काही तासांत कुजायला लागतो आणि तपासणाऱ्याला त्यातून फारसं काही सांगता येत नाही.